घोटा धरायला कुणी शिकवलं

माझ्याविषयी एक गोष्ट इथल्या, म्हणजे शारजा-अजमानकडच्या मराठी माणसांत बरीच वर्षं फिरते आहे. एकदा ती पेपरातही छापून आली. मी तरुणपणी कबड्डी गाजवली, आणि माझा मुलगा पुढे इंग्लंडात व्यावसायिक रग्बी लीग खेळला त्याचा पाया मी इथल्या वाळूत घातला, अशी ती गोष्ट. भेटणारा प्रत्येक जण ती मला ऐकवायचा आणि मी मान हलवून हसायचो. ती खोटी आहे. मी कधी कबड्डी खेळलो नव्हतो. ठाण्याच्या आमच्या गल्लीत पोरं खेळायची तेव्हा मी त्यांच्या चपला सांभाळत कठड्यावर बसायचो.

कबड्डी खेळायची ती माझी बायको.

सांगली जिल्ह्याच्या संघात ती उजवा कोपरा सांभाळायची. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते मैदानावरच. मावसभावाकडे गेलो होतो आणि संध्याकाळी करायला दुसरं काही नव्हतं म्हणून तो मला मुलींचे सामने बघायला घेऊन गेला. समोरच्या संघाची एक धिप्पाड मुलगी चढाईला आली. ही कोपऱ्यात अशी उभी होती की हिला खेळात रस आहे की नाही तेच कळेना. त्या मुलीने परत फिरायला पाय उचलला मात्र, ही जमिनीलगत गेली आणि तिचा घोटा धरला. बस्स. धिप्पाड मुलगी हात लांबवून मध्यरेषेकडे सरपटत राहिली, ही हलली नाही. वर्षभराने तिचं स्थळ सांगून आलं तेव्हा फोटो पाहून मी लगेच होकार दिला. घरचे म्हणाले, पत्रिका तरी बघू दे.

बघायला गेलो तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला. "लग्नानंतर खेळू द्याल ना?"

"का नाही?" मी म्हणालो.

मी तेव्हा शारजात एका ट्रेडिंग कंपनीत परचेसमध्ये होतो. लग्न करून तिला आणलं आणि दोन वर्षांत भाडं परवडेना म्हणून अजमानला राहायला गेलो. तेव्हा इथे बायकांची कबड्डी कुठे असणार? तिने विचारलं की मी म्हणायचो, "अगं, इथे कुणाशी खेळणार तू?" ते खरंच होतं, म्हणून तिला पुढे बोलता यायचं नाही. पण मी तेवढ्यावर थांबलो नाही. "मंडळात कुणाला सांगत बसू नकोस," असंही सांगितलं. आमचं मंडळ म्हणजे गणपती, दिवाळी पहाट आणि संक्रांतीचं हळदीकुंकू करणारी शे-दीडशे कुटुंबं. त्यातल्या कुणाला माझी बायको हाफपँट घालून मैदानात लोळायची हे कळलं तर लोक काय म्हणतील, याची मला भीती होती. खरं तर कुणी काही म्हणालं नसतं. पण मी त्यांना म्हणायची संधीच दिली नाही.

मुलगा झाला. तो चालायला लागला तेव्हाच शेजारची मल्याळी बाई त्याला 'कुट्टी', म्हणजे बाळ, न म्हणता 'कॉन्ट्रॅक्टर' म्हणायची, इतका तो दांडगा होता. सहा-सात वर्षांचा झाल्यावर तो आणि त्याची आई अजमानच्या कॉर्निशवर, समुद्रकाठच्या फिरायच्या जागी, वाळूत काहीतरी खेळायला लागली. एकदा मी लवकर आलो आणि पाहिलं, पदर खोचून ही वाळूत वाकलेली, पोरगं हिच्याभोवती "कबड्डी कबड्डी" करत नाचतंय. मी गाडीतूनच हाक मारली.

घरी आल्यावर म्हणालो, "खेळ हवं तर. पण इथे नको. मंडळाची माणसं संध्याकाळी कॉर्निशवर फिरायला येतात."

"मग कुठे खेळू? गच्चीवर?"

"मी नेतो," मी म्हणालो.

आणि खरंच नेऊ लागलो. तेव्हा सुट्टी शुक्रवारी असायची. दर शुक्रवारी सकाळी मी दोघांना गाडीत घालून उम्म अल कुवैनला न्यायचो. गाव शांत, किनारा लांबलचक, आणि मुख्य म्हणजे तिथे आपलं माणूस दिसत नसे. मी गाडी समुद्राकडे पाठ करून लावायचो, एसी चालू ठेवून पेपर उघडायचो. माझ्यावर एकच काम होतं. ओळखीचं कुणी आलं तर हॉर्न द्यायचा.

पेपर मी फारसा वाचला नाही. वरच्या आरशात दोघं दिसायची. ती त्याला पळायला सांगायची आणि खाली जाऊन त्याचा पाय धरायची. मग तो तिचा धरायचा. "मांडी नको, मांडी निसटते," ती ओरडायची. "खाली बघ. पाय उचलतो तेव्हा माणूस एका पायावर असतो. तेव्हाच धरायचं. माणूस कितीही मोठा असू दे, घोटा सगळ्यांचा सारखाच असतो." काच बंद असायची तरी मला ऐकू यायचं, कारण तिचा आवाज मैदानातला होता. घरात तो तिने कधी वापरला नव्हता.

हॉर्न एकदाच द्यावा लागला. मंडळाच्या खजिनदाराचं कुटुंब डबे-बिबे घेऊन सहलीला आलं होतं. मी हॉर्न दिला, ही पटकन उठून वाळू झटकून उभी राहिली.

"अय्या वहिनी, तुम्ही इकडे?" खजिनदाराची बायको म्हणाली.

"शिंपले वेचतोय," ही म्हणाली.

"आई, वी आर नॉट कलेक्टिंग शेल्स!" पोरगं म्हणालं. त्याला चिमटा बसला. परतताना गाडीत तो रडत होता आणि त्याच्या मुठीत खोटेपणा नको म्हणून हिने खरोखर वेचलेले दोन शिंपले होते.

तो पंधरा वर्षांचा असताना एका शुक्रवारी दुपारी त्याला घरी सोडायला एक गोरा माणूस आला. इंग्लंडच्या उत्तरेकडचा, बंदरावर क्रेनची देखभाल करायचा आणि सुट्टीच्या दिवशी पोरांना जमवून रग्बी लीग शिकवायचा. हा खेळ मला तेव्हा माहीत नव्हता. नंतर कळलं, त्यात कबड्डीचं बरंच काही आहे. बाजूला तेरा-तेरा खेळाडू. चेंडू घेऊन समोरच्यांच्या भिंतीवर धडकायचं. त्यांनी पकडून पाडलं की उठायचं, चेंडू पायाने मागे सारायचा, पुन्हा धडकायचं. सहा वेळा पाडलं की चेंडू दुसऱ्यांचा. यात जे सगळ्यात जाडजूड असतात, सगळ्यात पुढे धडकतात आणि सगळ्यात जास्त माणसं पाडतात, ते फॉरवर्ड.

गोरा सोफ्यावर टेकला आणि इंग्रजीत म्हणाला, "तुमच्या पोराला पाय धरायला कुणी शिकवलं? माझ्याकडची पोरं छातीवर जातात आणि फेकली जातात. हा खाली जातो आणि समोरचा झाडासारखा पडतो. हे चार दिवसांत शिकवून येत नाही. कुणीतरी लहानपणापासून करून घेतलंय."

बायको तेव्हा चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येत होती. पोरगं तिच्याकडे बघत होतं. आणि मी म्हणालो, "मी. मी कबड्डी खेळायचो."

का म्हणालो? याचं उत्तर मी इतकी वर्षं शोधतो आहे. तो माणूस इतक्या आदराने विचारत होता, आणि तसा आदर मला कुणी कधी दिला नव्हता, एवढंच सापडतं.

तिने ट्रे टेबलावर ठेवला. पोरगं उठून आत गेलं. गोऱ्याने माझा हात हातात घेऊन जोरात दाबला, मी ओरडलो नाही एवढंच.

तो गेल्यावर ती कप उचलत म्हणाली, "चहा गार झाला तुमचा."

मी तो तसाच पिऊन टाकला.

"एक बरं झालं," ती पुढे म्हणाली. "तुम्ही शिकवलंत म्हणालात ना? मग आता त्याला खेळायला जाऊ नको म्हणायची सोय राहिली नाही तुम्हाला. उद्या बूट आणा त्याचे."

माझं खोटं तिने तिथल्या तिथे त्याच्या कामाला लावलं. दुसऱ्या दिवशी मी बूट आणले. तीनशे दिरहॅम, म्हणजे साडेतीन हजार रुपये, असं मी दुकानात मोठ्याने म्हणालो आणि पोरगं म्हणालं, "बाबा, प्लीज, स्टॉप कन्व्हर्टिंग."

खोटं पसरलं मात्र फार वेगाने. मंडळाने मला क्रीडाप्रमुख केलं. दर जानेवारीत शारजातल्या एका शाळेच्या मैदानावर आमचा क्रीडादिन असतो, त्यात मुलग्यांची कबड्डी असते. ती पोरं तयार करायचं काम माझ्याकडे आलं. मी शिट्टी गळ्यात घालून मैदानात उभा राहायचो आणि आदल्या दिवशी जेवताना तिने सांगितलेलं जसंच्या तसं सांगायचो. मैदानात काही अडलं तर मी पाणी प्यायला जायचो. लिंबूसरबताच्या टेबलामागे ती उभी असायची. ग्लास भरता भरता ओठ न हलवता सांगायची, "त्या चष्मेवाल्याला कोपऱ्यातून काढा. त्याला मध्ये घ्या, साखळी धरायला." मी परत जाऊन मोठ्याने ओरडायचो, "चष्मेवाला, मध्ये ये! साखळी धर!" आणि आईबाप कौतुकाने माना डोलवायचे.

इथवर हे विनोदी वाटेल. पुढचं नाही.

ती दरवर्षी कार्यकारिणीकडे एकच मागणी करायची. मुलींची कबड्डी ठेवा. मुलींना चमचा-लिंबू आणि संगीतखुर्ची होती, बाकी काही नाही. आणि दरवर्षी क्रीडाप्रमुख म्हणून मी ती मोडून काढायचो. मुली पडतील, लागेल, पालक तक्रार करतील, मॅटचं भाडं वाढेल. खरं कारण माझं मला ठाऊक होतं. मुलींची कबड्डी ठेवली तर त्यांना शिकवायला बाई लागणार, आणि ती पाच मिनिटं जरी मैदानात वाकून उभी राहिली असती तरी बघणाऱ्याला सगळं कळलं असतं. माझी शिट्टी राहावी म्हणून मी कितीतरी मुलींना चमचा-लिंबूवर ठेवलं. आता त्या मोठ्या झाल्या, त्यांची लग्नं झाली. त्यातल्या एखादीचे खांदे तिने पाहिले की ती मला म्हणायची, "ही कव्हरला काय शोभली असती!" आणि पुन्हा पोळ्या लाटायला लागायची.

अठराव्या वर्षी मुलगा इंग्लंडला गेला. गोऱ्याने त्याच्या जुन्या गावच्या क्लबात शब्द टाकला होता आणि कॉलेजात स्पोर्ट्स सायन्सला प्रवेशही मिळाला, म्हणून मला लोकांना 'शिकायला गेलाय' असं सांगता आलं. पहिली दोन वर्षं वाईट गेली. थंडी, चिखल, आणि त्याच्याहून मोठी पोरं. राखीव संघात एक सामना खेळायचा आणि तीन आठवडे बाकावर. फोनवर आईशी मराठीत बोलायचा, माझ्याशी इंग्रजीत. एकदा मी ऐकलं, तो म्हणत होता, "आई, मला घरी यायचंय."

"ये की," ती म्हणाली. "पण चढाईला गेलायस, निदानरेषा तरी ओलांडून ये. तिच्या अलीकडूनच परत फिरलास तर बाद."

तो थांबला. तिसऱ्या वर्षी त्याला करार मिळाला. त्या गावात आमच्या रंगाचा फॉरवर्ड कुणी पाहिलेला नव्हता. पहिल्या सामन्यात प्रेक्षकांतून काय काय ओरडलं गेलं ते त्याने आम्हाला फार नंतर सांगितलं. त्याच हंगामाच्या शेवटी तेच लोक त्याच्या नावाचं गाणं म्हणायचे. मधे काय झालं विचारलं तर म्हणाला, "काही नाही. पाडत राहिलो."

इंग्लंडात दुपार असायची तेव्हा आमच्याकडे दिवेलागण. ती देवाजवळ दिवा लावायची आणि लॅपटॉपसमोर जमिनीवर मांडी ठोकून बसायची. मी हमरिया फ्री झोनमध्ये पॅकिंगच्या लाकडी पेट्यांचं छोटं युनिट टाकलं होतं, तिथून सामन्याच्या दिवशी लवकर निघायचो. घरात शिरण्याआधी जिन्यात तिचा आवाज यायचा. उम्म अल कुवैनचा आवाज. "खाली! अरे खाली जा! घोटा! घोटा!" शेजारची मल्याळी बाई दार उघडून विचारायची, "भाभी ठीक हैं?" मी म्हणायचो, "ठीक हैं. मॅच है."

धडकणं हे त्याचं काम होतं आणि तो ते पंधरा वर्षं करत राहिला. नाक मोडलं, जुळलं, पुन्हा मोडलं. दिवाळीत घरी आला तेव्हा दोन्ही कान चुरगळून सुजलेले.

"कान कुणी तळले तुझे?" आईने विचारलं.

"आई, इट्स नॉर्मल. सगळ्या फॉरवर्डचे असतात."

"भजी दिसतायत. हात लावू का, गरम आहेत का बघते."

त्याचे सहकारी त्याला 'कपाट' म्हणून हाक मारायचे. तो उंच नव्हता, पण रुंद होता. त्याच्या अंगावर धावून येणारे सगळे छातीच्या उंचीवर धडकेची तयारी करून यायचे, आणि हा तिथे नसायचाच. तो त्यांच्या पायांत असायचा.

त्याच्या क्लबचा अंतिम सामना मात्र सांगायलाच हवा. क्लब साधा होता. त्या गावाने कित्येक वर्षांत काही जिंकलेलं नव्हतं. शेवटची काही मिनिटं उरली होती, आमचे एका छोट्याशा आघाडीने पुढे होते. आणि समोरच्या संघाचा सगळ्यात वेगवान गडी फट शोधून निसटला. पुढे मोकळं मैदान. त्याच्या मागे कोण, तर आमचा फॉरवर्ड. अख्खा सामना धडका देऊन दमलेला, त्या गड्याच्या दुप्पट वजनाचा. समालोचक म्हणाला, याला आता कोण गाठणार. ती लॅपटॉपसमोर गुडघ्यांवर उभी राहिली होती. ओरडत नव्हती. मला वाटतं ती श्वासही घेत नव्हती.

मुलाला ठाऊक होतं की तो त्याला पकडू शकणार नाही. अंतर कमी होत नव्हतं. पण रेषेजवळ आल्यावर त्या गड्याने मागे बघितलं, आणि मागे बघताना माणसाचं पाऊल लहान पडतं. तेवढ्यात मुलाने स्वतःला लांब फेकलं. हात लांबवला. पाय उचलला जात असतानाच घोटा हातात आला, आणि आला तो सुटलाच नाही. गडी तोंडावर आपटला, रेषेच्या अलीकडे. चेंडू त्याच्या हातातून निसटला. सामना संपला.

मैदानात लोक घुसले. त्या ढिगाऱ्यात आमचा मुलगा अजून आडवा, आणि त्याच्या हातात अजून त्या माणसाचा घोटा. कुणीतरी त्याची बोटं उलगडली.

ती बसली. पदराने तोंड पुसलं. "उजवा कोपरा," ती म्हणाली. एवढंच. मग स्वयंपाकघरात जाऊन शिरा केला, आणि मी डब्यात घालून मजला-मजला वाटून आलो.

दोन दिवसांनी एका पेपरवाल्याचा फोन आला. "सर, ती पकड रग्बीची नाही, कबड्डीची होती असं आमचे वाचक म्हणतायत. तुम्ही कबड्डीपटू होतात ना?" ती समोर भाजी निवडत बसली होती. मी 'हो' म्हणालो. म्हणालो आणि उठून गॅलरीत गेलो. छापून आलं, बापाची कबड्डी, पोराची रग्बी. माझ्या फोटोसकट.

मुलाने नंतरही असंख्य मुलाखती दिल्या. त्याला दरवेळी विचारायचे, ती पकड कुठे शिकलास? तो दरवेळी म्हणायचा, "ॲट होम." घरी. कधी 'बाबांनी' म्हणाला नाही, कधी 'आईने' म्हणाला नाही. तिने त्याला तसं बजावलं होतं हे मला पुढे कळलं. बाबांचं मंडळात नाव आहे, राहू दे.

गेल्या वर्षी तो निवृत्त झाला. गुडघे थकले म्हणाला. आता दुबईत मुलांना शिकवतो, शनिवार-रविवारी आमच्याकडे जेवायला येतो. डिसेंबरात मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन आला. तरुण मुलगा, पुण्याचा, बँकेत आहे.

"काका, यंदा क्रीडादिनाला तुमचा आणि दादाचा सत्कार. तुम्हाला शाल-श्रीफळ, काकूंची ओटी. मी सूत्रसंचालन करतोय. फक्त एक सांगा, तुम्ही कुठल्या संघातून खेळायचात? म्हणजे ओळख करून देताना नीट सांगता येईल."

मी म्हणालो, "सांगतो." आणि फोन ठेवला.

"काय सांगणार?" ती म्हणाली. ती ऐकत होती. "आठवून ठेवा हं. मंडळात ठाण्याची चार माणसं आहेत."

मी म्हणालो, "तू तरी इतकी वर्षं का गप्प बसलीस?"

तिने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, पण सूटही नव्हती. "माझं नाव नका सांगू. मला काही मिरवायचं नाही आता. पण मुलींची कबड्डी ठेवा. तेवढं तुमच्याने झालं तर बघा."

हे तिने मागितलं, आणि ते खरं सांगितल्याशिवाय देता येणार नव्हतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

रविवारची सकाळ, जानेवारीचं कोवळं ऊन, शाळेच्या मैदानावर निळी मॅट अंथरलेली. सेक्रेटरीने आधी मुलाला बोलावलं. टाळ्या, शिट्ट्या, पोरं त्याच्या कानांकडे बघत होती. मग मला. मग तिला. माझ्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. मंडळाच्या अध्यक्षीणबाई खण-नारळाचं ताट घेऊन हिच्यापुढे उभ्या राहिल्या. सेक्रेटरीने माईक माझ्याकडे दिला.

मी भाषण लिहून आणलं नव्हतं. मी म्हणालो, "मी कबड्डी कधी खेळलो नाही. एकदाही नाही. सांगली जिल्ह्याच्या संघात उजवा कोपरा सांभाळायची ती ही. मुलाला घोटा धरायला हिने शिकवलं. उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यावर, आणि तेव्हा मी गाडीत बसून कुणी येतंय का बघत होतो. तुमच्या पोरांनाही हिनेच शिकवलं, सरबताच्या टेबलामागून. आणि तुमच्या मुलींना कबड्डी मिळाली नाही ती माझ्यामुळे. मी मिळू दिली नाही, कारण माझं खोटं उघडं पडलं असतं."

शाल काढून मी तिच्या खांद्यावर घातली. अध्यक्षीणबाई ताट धरून तशाच उभ्या.

"मग आता ओटी कुणाची भरायची?" त्यांनी विचारलं.

"त्यांचीच भरा," बायको म्हणाली. "धोतर नाही नेसलेत, पण शर्टाचा घोळ पुढे करतील."

हशा पिकला तो थांबेना. खजिनदाराची बायको, आता म्हातारी झालेली, पहिल्या रांगेतून ओरडली, "वहिनी! म्हणजे त्या दिवशी शिंपले नव्हतात ना वेचत तुम्ही?"

"आय टोल्ड यू!" मुलगा म्हणाला. वाळूतल्या त्या सकाळपासून तो हे म्हणायची वाट बघत होता. तो आईपुढे वाकला, आणि मग माझ्याकडे येऊन, कित्येक वर्षांनी मराठीत, म्हणाला, "बाबा, फार उशीर लावलात." आणि मला मिठी मारली. फॉरवर्डची मिठी. पेपरवाल्यालाही मी नंतर फोन करून सांगितलं, पण त्याला आता त्यात बातमी दिसली नाही. म्हणून मी हे लिहितो आहे.

त्या दिवशी संगीतखुर्ची झालीच नाही. तिने शाल सेक्रेटरीच्या हातात दिली, साडीचा काचा मारला आणि मॅटवर गेली. "कुणाला शिकायचंय?" मुली बघत राहिल्या. मग एक आली, तिच्या मागे दोन, आणि मग मॅटवर जागा पुरेना. आया कडेला येऊन उभ्या राहिल्या, त्यांतल्या दोघींनी चपला काढल्या.

"आधी बघा," ती म्हणाली आणि मुलाला खूण केली. "चढाई कर."

तो "कबड्डी कबड्डी" करत आला. एवढा मोठा देह, इंग्लंडातली मैदानं हादरवलेला. ती कोपऱ्यात उभी, खेळात रस आहे की नाही कळू नये तशी. त्याने परत फिरायला पाय उचलला. मला पुढचं नीट दिसलं नाही, फक्त तो आडवा झालेला दिसला आणि त्याचा घोटा तिच्या हातात. मुलींनी जी किंकाळी फोडली ती शाळेबाहेरच्या रस्त्यावर गेली असेल.

तो उठल्यावर मी त्याला विचारलं, "मुद्दाम पडलास ना?"

"ट्राय इट, बाबा," तो म्हणाला.

तेवढ्यात मुलींनीही तेच सुरू केलं. "काका! काका! तुम्ही या!" शिट्टी मी सेक्रेटरीकडे दिली होती. बूट काढले. सत्तरीला टेकलेला माणूस, पोट पुढे, मी पहिल्यांदाच मध्यरेषा ओलांडली. "कबड्डी" म्हणताना लक्षात आलं की दम कसा धरायचा हेही मला येत नाही. तिच्यापासून लांब लांब राहत एक फेरी मारली. डावीकडची मुलगी हसत होती. आता परतू या, म्हणून वळलो.

तिने ओढलं नाही. पाडलं नाही. वाकली आणि नुसता घोटा धरला. रेषा समोर हातभर अंतरावर होती. मी जोर केला, पण तो हात हलला नाही.

"दम आहे अजून?" तिने खालून विचारलं.

नव्हता. मी सोडला.

"खलास," ती म्हणाली आणि हात झटकत उठली. "आता जा, सरबत भरा. मुली दमल्यात."